कसोटी आणि सोने

सोनाराच्या पेटीत एक काळा दगड असतो. दागिना त्यावर हलकेच घासावयाचा, उमटलेली रेघ डोळ्यांनी पारखावयाची आणि सोन्याचा कस सांगावयाचा, हा व्यवहार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. गिऱ्हाईक आणि सोनार या दोघांमधील सारा विश्वास त्या इवल्याशा रेघेवर उभा असतो. परंतु दगड बोलतो ते केवळ पृष्ठभागाविषयी. वर जाड मुलामा आणि आत तांबे असेल, तर दगड बिचारा फसतो. म्हणून जाणती माणसे नुसत्या रेघेवर विसंबत नसत. दागिन्याचे वजन पाहत, प्रसंगी तो तोडून आतला रंगही पाहत. कसोटीला उतरणे आणि सोने असणे या दोन गोष्टी बहुधा एकच असतात. नेहमी एकच असतात असे मात्र नव्हे. या दोहोंमधल्या फटीत नीतीचा एक जुना प्रश्न दडून बसलेला आहे, आणि तो आम्हांस अलीकडे अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटला.

निमित्त लहानसेच होते. येथील महाराष्ट्र मंडळात संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाल्यावर गप्पांचा फड जमला होता. केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “अहो, हे ब्राउझर दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा वेगवान झाल्याची दवंडी पिटतात. मग मी हयातीचा दाखला भरावयास बसलो की पडद्यावरचे ते वर्तुळ पूर्वीइतकाच वेळ गरगरत का राहते?” सारे हसले, आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र ते हसू मावळले, कारण प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. वेग खरोखरच वाढला आहे, हे आम्हांस ठाऊक होते. मग तो गेला कोठे?

याचे उत्तर शोधावयाचे तर थोडा इतिहास पाहिला पाहिजे. महाजालावरील पान म्हणजे केवळ मजकूर आणि चित्रे नव्हेत. त्यासोबत लहानमोठ्या आज्ञांचा एक पुडका येतो: हे बटन दाबले की अमुक करावे, हा रकाना रिकामा राहिल्यास तमुक इशारा द्यावा. या आज्ञा ज्या भाषेत लिहितात तिचे नाव जावास्क्रिप्ट. नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला. पानावरची किरकोळ कामे करावी, एवढीच तेव्हा तिच्याकडून अपेक्षा होती. एखाद्या कचेरीत पाणी द्यावयास ठेवलेल्या पोऱ्यावर पुढे साऱ्या कचेरीचा हिशेब येऊन पडावा, तशी त्या भाषेची गत झाली. २००४ साली गूगलची टपालसेवा जीमेल आली, २००५ साली त्याच कंपनीचे नकाशे आले, आणि संगणकावर वेगळी आज्ञावली बसवून जी कामे करीत, ती ब्राउझरच्या चौकटीत होऊ लागली. पोऱ्याच्या डोक्यावर डोंगर आला.

हा डोंगर तो उचलणार कसा? प्रारंभीचे ब्राउझर या आज्ञा दुभाष्याप्रमाणे वाचीत. एक ओळ वाचावी, तिचा अर्थ यंत्राला सांगावा, मग पुढची ओळ घ्यावी. तीच ओळ हजार वेळा आली तर हजार वेळा तोच अर्थ नव्याने सांगावयाचा. यावर उपाय विचारात आला तो असा: जो भाग वारंवार येतो आहे असे दिसेल, त्याचे यंत्राच्या मूळ भाषेत एकदाच पक्के भाषांतर करून ठेवावे आणि पुढे थेट तेच वापरावे. काम चालू असतानाच हे भाषांतर होते, म्हणून त्याला तत्काळ भाषांतर म्हणता येईल. कल्पना नवी नव्हती. इतर भाषांसाठी ती पूर्वीपासून वापरली जात होती. ब्राउझरांत तिला जोराने राबविण्याची निकड मात्र तोवर कोणालाच वाटली नव्हती.

ती का वाटली नव्हती, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. शतकाच्या आरंभीच्या वर्षांत मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने जवळजवळ सारे प्रतिस्पर्धी मैदानातून घालविले होते. त्याची सहावी आवृत्ती २००१ साली निघाली आणि सातवी २००६ साली. मध्ये पाच वर्षांची झोप. शर्यतीत दुसरा धावणारा उरला नाही की पहिल्याने धावावे तरी कशासाठी? २००४ च्या नोव्हेंबरात मोझिलाचा फायरफॉक्स आला आणि ही झोप मोडू लागली. स्पर्धेविरुद्ध जे काही आम्ही पुढे म्हणणार आहोत, ते म्हणताना ही पाच वर्षे आम्ही विसरणार नाही.

खरी शर्यत सुरू झाली ती मोजपट्टी हाती आल्यावर. २००७ च्या डिसेंबरात वेबकिट या प्रकल्पाने ‘सनस्पायडर’ नावाची एक कसोटी प्रसिद्ध केली. तीत जावास्क्रिप्टमधील लहान लहान गणिते, मजकुराची उलथापालथ, सांकेतिक लिपीची कामे असे नाना प्रकारचे प्रश्न होते. ब्राउझरने ते सोडवावयाचे आणि लागलेले मिलिसेकंद मोजावयाचे. आकडा जितका लहान तितकी प्रतिष्ठा मोठी. मग २००८ साल उजाडले आणि त्या एकाच वर्षात तीन बलाढ्य मल्ल आखाड्यात उतरले. जूनमध्ये वेबकिटने, ज्याच्या पाठीशी ॲपल कंपनी होती, ‘स्क्विरलफिश’ हे नवे यंत्र जाहीर केले. ऑगस्टमध्ये मोझिलाने ‘ट्रेसमंकी’ पुढे आणले. २ सप्टेंबर रोजी गूगलचा क्रोम अवतरला. त्याच्या पोटात ‘व्ही-एट’ नावाचे यंत्र होते. मोटारीच्या आठ नळकांड्यांच्या एंजिनावरून हे नाव घेतलेले. ते घडविणाऱ्या चमूचे प्रमुख लार्स बाक हे डेन्मार्कमधील ऑर्हूस शहरी बसून काम करीत. पाठोपाठ नॉर्वेच्या ऑपेराने ‘चरकन’ हे यंत्र केले आणि मायक्रोसॉफ्टने ‘चक्र’. यातील पहिले नाव जावा बेटावरील लिपीचे आहे, आणि ती लिपी आपल्या देवनागरीप्रमाणेच ब्राह्मीच्या वंशातली. दुसरे तर उघडच आपल्या घरचे. एवढ्या लांबच्या शर्यतीत दोन ओळखीची नावे भेटावीत याचे आम्हांस कौतुक वाटले.

दोनतीन वर्षांत वेग अनेक पटींनी वाढला, यात शंका नाही. पण आम्हांस ज्या प्रसंगाविषयी लिहावयाचे आहे, तो २०१० च्या नोव्हेंबरातला आहे. मायक्रोसॉफ्टच्या नवव्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या प्राथमिक आवृत्त्या तेव्हा प्रसिद्ध होत होत्या. सनस्पायडरमधील एका गणिती चाचणीत त्याचा आकडा डोळे दिपविणारा होता. इतरांना जेथे वेळ लागे तेथे याला जणू काही लागतच नव्हता. मोझिलातील एका अभियंत्याला याचे नवल वाटले. त्याने त्या चाचणीत एक निरर्थक ओळ घातली. ती ओळ असली काय नि नसली काय, उत्तरात तिळमात्र फरक पडत नव्हता. पण ती घालताच लागणारा वेळ कित्येक पटींनी वाढला. झाले! एकच गदारोळ उठला. ही फसवणूक आहे काय, असा प्रश्न जो तो विचारू लागला.

मायक्रोसॉफ्टचा खुलासा असा होता: त्या चाचणीतील गणिताचे उत्तर पुढे कोठेच वापरले जात नाही. आमचे यंत्र हे ओळखते आणि ज्या कामाचा उपयोग नाही ते काम करीतच नाही. निरुपयोगी आज्ञा गाळणे हा भाषांतरकार यंत्रांचा सर्वमान्य धर्म आहे. त्यात लबाडी कसली?

हा खुलासा आम्ही जितका अधिक विचारात घेतो, तितके आमचे मन दोन्हीकडे ओढले जाते. एका बाजूने पाहता तो निर्दोष आहे. ज्या टिपणाचा पुढे कोणीच उपयोग करणार नाही, ते टिपण लिहिण्याचे नाकारणारा कारकून आळशी नव्हे, शहाणा होय. दोष असलाच तर तो परीक्षकाचा. त्याने असा प्रश्न घातलाच का, की ज्याचे उत्तर तो स्वतः वाचणार नाही? दुसऱ्या बाजूने पाहता मनात किंतु उरतोच. यंत्राला निरुपयोगी काम खरोखर ओळखता येत असेल, तर एका पोकळ ओळीने त्याची दृष्टी का जावी? परीक्षेत प्रश्न जसाच्या तसा आला तर उत्तर पाठ, आणि एक शब्द बदलला की विद्यार्थी गप्प, असे दिसले तर आपण त्या विद्यार्थ्याला विषय येतो असे म्हणू काय? तो चोर आहे असेही म्हणता येणार नाही, कारण त्याने कोणाची वही पाहिलेली नाही. यंत्राची ओळखशक्ती अजून कोवळी होती म्हणून ती अडखळली, असेही असू शकेल.

या वादात हेतू शोधू जाणे व्यर्थ आहे, असे आमचे मत झाले आहे. हेतू ज्याच्या त्याच्या मनात असतो, आणि पुष्कळदा तो तेथेही स्पष्ट नसतो. शिवाय “फसविण्याचा हेतू नव्हता” एवढे सिद्ध झाले की आपण निश्चिंत होतो. जणू नीतीची सारी मागणी तेवढीच. आम्हांस वाटते की अशा ठिकाणी वेगळाच प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो दुसऱ्याने आपल्याला नव्हे, आपणच आपल्याला विचारावयाचा आहे: उद्या ही कसोटी नाहीशी झाली, तर हे काम करण्याजोगे राहील काय? राहत असेल, तर कसोटीने आपल्याला चांगल्या कामाकडे नेले. राहत नसेल, तर एकही खोटा शब्द न उच्चारता आपण मुलामा चढवीत आहोत.

हा प्रश्न आम्हांस सुचला तो काही संगणकशास्त्रातून नव्हे. तो आमच्या टेबलावरून आला, आणि ज्या रीतीने आला ते सांगितल्यावाचून हे लिखाण प्रामाणिक होणार नाही.

आमच्या कचेरीत दर महिन्याच्या अखेरीस एक तक्ता वर जातो. महिन्याच्या आरंभी शिल्लक पत्रे किती, नवी आली किती, निकालात निघाली किती, अखेरीस उरली किती. शेवटच्या रकान्यात शून्य असले की विभागाची मान ताठ. काही वर्षांपूर्वी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी, आमच्यापुढे एका विधवा बाईंचे पत्र होते. यजमानांच्या पश्चात मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन कमी दराने लागले आहे, अशी त्यांची तक्रार होती. पत्र दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेले. खाली सही मात्र त्यांची, मोठ्या थरथरत्या अक्षरांची. निर्णयासाठी लागणारे सेवापुस्तक दुसऱ्या कार्यालयात होते. आम्ही दोन ओळींचे उत्तर लिहिले: आपले प्रकरण संबंधित कार्यालयाकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठविले आहे. ते खरे होते. पत्र त्याच दिवशी पाठविले गेले. तक्त्यात पत्र निकालात निघाले. शेवटच्या रकान्यात शून्य आले. पुढच्या बैठकीत आमच्या विभागाचा दोन शब्दांनी गौरवही झाला.

तीन महिन्यांनी त्याच बाईंचे दुसरे पत्र आले. नव्या पत्राला नवा डायरी क्रमांक मिळतो. नियमाप्रमाणे ते नवी आवक म्हणून धरले गेले आणि तसल्याच दोन ओळींनी तेही निकालात निघाले. म्हणजे एका माणसाच्या एका न सुटलेल्या अडचणीने आमच्या खात्यावर दोन निकाल जमा केले! त्या संध्याकाळी घरी जाताना हे गणित आमच्या मनात उलगडले आणि त्यानंतर नीट झोप लागली नाही. आम्ही कोठेही खोटे लिहिले नव्हते. कोणी चौकशी केली असती, तर प्रत्येक कागद नियमानुसार होता. सनस्पायडरच्या चाचणीतील यंत्राप्रमाणे आम्हीही प्रश्नाचा आकार ओळखला होता आणि प्रश्न सोडविल्यावाचून पुढे निघून गेलो होतो.

आमच्या प्रश्नाची पट्टी त्या दोन ओळींना लावून पाहिली, तर उत्तर सरळ एकेरी येत नाही, हेही कबूल केले पाहिजे. तक्ता रद्द झाला असता तरी पत्र कोठे गेले एवढे त्या बाईंना कळविणे योग्यच होते; ते सौजन्य होय. परंतु ते कळविल्यावर पत्र बंद झाले असे मानणे, हे मात्र केवळ तक्त्यासाठी होते. एकाच कागदात सोने आणि मुलामा दोन्ही होते. म्हणूनच हा दोष बाहेरून पकडता येत नाही.

गीतेने कर्मफळाची आसक्ती सोडावयास सांगितले आहे, आणि आमच्यासारख्या संसारी माणसांना ते कधीच पुरते साधले नाही. पण येथे घडते ते त्याहून खालचे आहे. आम्ही फळावरदेखील आसक्त नसतो. फळाच्या पावतीवर आसक्त असतो. बाईंना पैसे मिळणे हे फळ होते. त्याची आम्हांस ओढ असती तरी पुष्कळ झाले असते.

याच व्याधीचे निदान अर्थशास्त्रज्ञांनी फार पूर्वी करून ठेवले आहे. बँक ऑफ इंग्लंडचे सल्लागार चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असे दाखविले की, आकड्यांमधील एखादा संबंध नियंत्रणासाठी वापरू लागताच तो संबंध ढासळू लागतो. साध्या शब्दांत सांगावयाचे तर, माप हेच साध्य झाले की ते चांगले माप उरत नाही. ही अर्थशास्त्राची गोष्ट म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती मानवी मनाची गोष्ट आहे.

ब्राउझरांच्या क्षेत्रात मात्र पुढे जे घडले, त्याने आम्हांस लाजविले आणि धीरही दिला. गूगलने २०१२ साली ‘ऑक्टेन’ नावाची अधिक मोठी, प्रत्यक्ष कामांच्या अधिक जवळची कसोटी काढली होती. काही वर्षे तिचा उपयोग झाला. नंतर तिच्यातून नवे काही निघेना. मग २०१७ च्या एप्रिलमध्ये व्ही-एटच्या चमूने स्वतःच आपली ही कसोटी निवृत्त केली आणि कारणेही उघडपणे सांगितली. त्यांनी लिहिले की, ऑक्टेनमधील गुण वाढविण्यासाठी केलेल्या सुधारणांचा खऱ्या पानांना फारसा लाभ होत नव्हता, काही सुधारणांनी तर उलट नुकसान होत होते. खऱ्या पानाचा पुष्कळ वेळ आज्ञा वाचण्यात आणि त्यांचे भाषांतर करण्यातच जातो. कसोटीत त्याला किंमत नव्हती. एका चाचणीतल्या लेखनदोषाचा आधार घेऊन सुमारे १५ टक्के गुण मिळविता येत होते, आणि त्याचा महाजालाला उपयोग शून्य, हेही त्यांनी नोंदविले. ज्या दगडावर आपली रेघ उत्तम उमटते, तो दगड आपल्या हाताने बाजूस ठेवणे सोपे नव्हे. आमच्या कचेरीतला तक्ता बदलावा असे आम्ही आजवर किती वेळा वर लिहिले? एकदाही नाही.

आता निवृत्त गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. वेग वाढला, मग तो गेला कोठे? निकलाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञांनी १९९५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे जावास्क्रिप्टच्या जन्माआधी तीन महिने, एका लेखात इशारा दिला होता की, यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून झपाट्याने आज्ञावल्या मंदावतात. ब्राउझरांच्या बाबतीत तेच प्रत्ययास आले. रस्ता रुंद झाला तसा गाड्यांवरचा भार वाढला. २०२२ साली मोबाइलवर उघडणाऱ्या मध्यम प्रतीच्या पानासोबत साडेचारशे किलोबाइटांहून अधिक जावास्क्रिप्ट येत असे. पाने लिहिणारे म्हणाले, ब्राउझर समर्थ आहे, घालू या आणखी थोडे. जाहिराती मोजणारे म्हणाले, आमचेही थोडे घाला. अभियंत्यांनी रात्री जागून जे मिलिसेकंद वाचविले, ते वाचणाऱ्याच्या पदरी पडण्याआधीच वाटेत वाटले गेले. ज्याच्या हाती नवा महागडा फोन आहे त्याला हे जाणवत नाही. ज्याच्या हाती मुलाने वापरून टाकलेला जुना फोन आहे, त्याच्यापुढे वर्तुळ फिरत राहते. आणि हयातीचा दाखला भरावयाचा असतो तो बहुधा या दुसऱ्याला.

शिवाय कसोटीवर न उमटणारी आणखी एक गोष्ट होती: सुरक्षितता. २०१८ च्या जानेवारीत ‘स्पेक्टर’ नावाचा दोष जाहीर झाला. प्रक्रियक यंत्रे वेग साधण्यासाठी पुढची पावले अंदाजाने आधीच टाकतात, आणि त्या अंदाजाच्या मागावरून गुपिते हुडकता येतात, असे त्यात दिसून आले. ब्राउझरांना तेव्हा आपली सूक्ष्म घड्याळे मुद्दाम बोथट करावी लागली. २०२१ साली मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरच्या संशोधकांनी सांगितले की, २०१९ पासून व्ही-एटमध्ये नोंदल्या गेलेल्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ४५ टक्के दोष तत्काळ भाषांतराशी निगडित होते. म्हणून ते भाषांतरच बंद ठेवून पाहण्याचा प्रयोग त्यांनी केला. २०२२ साली ॲपलने ज्यांना विशेष धोका आहे अशांसाठी फोनमध्ये एक कडेकोट व्यवस्था दिली. तीतही हे भाषांतर बंद असते. ज्या युक्तीसाठी एवढी शर्यत झाली, तीच युक्ती जिवाला जपणाऱ्या माणसासाठी प्रथम काढून ठेवावी लागते, हा योग विचार करावयास लावणारा आहे. वेगाचा आकडा सर्वांनी पाहिला. त्याची किंमत ज्या रकान्यात पडली तो रकाना कसोटीत नव्हता.

यावर कोणी म्हणेल, “मग मोजूच नये काय? प्रत्येकाने आपल्या विवेकाला साक्ष ठेवून काम करावे आणि तक्ते जाळून टाकावेत?” हे आम्हांस मान्य नाही. २००१ ते २००६ ही पाच वर्षे आम्ही विसरणार नाही, असे वर म्हटलेच आहे. माप नसते तेथे विवेक जागा राहतोच असे नाही. बहुधा तोही झोपी जातो. आमच्या कचेरीत तक्ता येण्यापूर्वी पत्रे कपाटाच्या माथ्यावर वर्षानुवर्षे पडून असत, असे जुने लोक सांगतात, आणि त्या पत्रांमागेही माणसे होतीच. शर्यतीने खरे सोनेही पुष्कळ दिले. व्ही-एट यंत्राच्याच बळावर २००९ साली रायन डाल यांनी नोड ही व्यवस्था उभारली आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेरही काम करू लागली. २०२० च्या महामारीत घरी बसून ज्यांनी कचेऱ्या आणि शाळा चालविल्या, त्यांच्या कामालाही या शर्यतीतून आलेल्या वेगाचा हात लागला होता. म्हणून माप हवे. पण ज्याच्यासाठी माप घेतले तो माणूस मापणाऱ्याच्या दृष्टीआड होता कामा नये. मापाशी प्रामाणिक राहणे ही निम्मी नीती झाली. उरलेली निम्मी त्या माणसाशी प्रामाणिक राहण्यात आहे, आणि तिचा हिशेब कोणी मागत नाही.

शर्यतीतील मल्लांनाही हे काहीसे उमगले असावे. मधल्या काळात मैदान पुन्हा ओसरले: ऑपेराने २०१३ साली आपले यंत्र सोडले, मायक्रोसॉफ्टने २०१८ साली तसाच निर्णय जाहीर करून २०२० साली क्रोमच्याच पायावर बांधलेला एज आणला, आणि आता मोठी अशी तीनच यंत्रे उरली आहेत. पण २०२४ च्या मार्चमध्ये ‘स्पीडोमीटर’ या कसोटीची तिसरी आवृत्ती निघाली, ती ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून केलेली. कामांच्या यादीत एक काम लिहावे, त्यावर खूण करावी, ते पुसावे, असल्या साध्या मानवी कृतींना किती वेळ लागतो हे ती मोजते. आणि तिच्यात महत्त्वाचा बदल करावयाचा तर सर्वांची संमती लागते. ज्यांची परीक्षा होणार त्यांनीच एकत्र बसून प्रश्नपत्रिका माणसाच्या कामाला अधिक जवळची करावी, ही गोष्ट आम्हांस थोर वाटते. तीही एक दिवस जुनी होईल, तिच्यावरही मुलामे चढतील. तेव्हा तीही खाली ठेवावी लागेल.

त्या बाईंच्या प्रकरणाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. दुसऱ्या पत्रानंतर काही दिवसांनी आम्ही जुने कागद काढले आणि त्या दुसऱ्या कार्यालयाला स्वतः पत्र घातले, पुन्हा घातले, दूरध्वनी केले, एकदा सुट्टीच्या दिवशी तेथल्या एका परिचिताच्या घरी जाऊन बसलो. पहिल्या पत्रापासून अकरा महिन्यांनी दर दुरुस्त झाला आणि थकबाकी मंजूर झाली. या साऱ्या खटपटीची नोंद कोणत्याही तक्त्यात नाही. ती होणे शक्यच नव्हते, कारण प्रकरण दोनदा निकालात निघालेले होते. आमच्या आजवरच्या नोकरीतील जे काम करण्याजोगे होते असे आम्ही निःशंकपणे म्हणू शकतो, त्याला रकाना नाही.

तेव्हापासून आम्ही टेबलाच्या खणात एक साधी वही ठेवली आहे. तक्त्यात निकालात निघालेली, पण माणसाच्या दृष्टीने न सुटलेली पत्रे आम्ही तीत उतरवितो. डायरी क्रमांक, गाव आणि अडचण, एवढेच. वरिष्ठांनी ती मागितलेली नाही आणि आम्हीही कोणास दाखविलेली नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी तक्ता वर पाठविला की आम्ही ती उघडतो. या महिन्यात तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात शून्य आहे, आणि वहीत अकरा नोंदी आहेत.